पाटाखालची हवा

लॅपटॉप पुन्हा आपोआप बंद पडला, तेव्हा चारुता ओरडली नाही. पडल्या पडल्या तिनं त्याच्या कडेला तळवा लावला आणि लगेच मागे घेतला.

"तापला," ती म्हणाली. मला नाही, छताला.

मी वरणभाताचं ताट घेऊन दारात उभी होते. आत जावं की नाही, हे त्या दारात मला दरवेळी ठरवावं लागायचं. घर माझं, मुलगी माझी. पण ती त्या खोलीत पडून काम करायला लागल्यापासून मी तिथं परक्या घरी गेल्यासारखी वावरत होते.

अकोल्यातला मे महिना होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी खिडकीतल्या कूलरची ती घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास मला आजही जसाच्या तसा आठवतो. बाहेर रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नसे. शेजारच्यांनी खिडक्यांना पोती लावली होती. आणि आमच्या घरात माझी पस्तिशी ओलांडलेली मुलगी कमरेला पट्टा बांधून पलंगावर आडवी होती.

तिला मणक्याचा टीबी झाला होता. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं की कित्येक महिने पडूनच राहायचं. उशांना टेकून थोडं वर होता येईल, पण बसायचं नाही. पुण्यात ती एकटी राहायची. मी जाऊन तिला रेल्वेतून आडवी घालून घरी आणली. येताना तिनं चार कपडे घेतले आणि ऑफिसचा तो लॅपटॉप घेतला. काळा, जाडजूड, मांडीवर ठेवला तर दोन्हीकडून बाहेर येईल एवढा. ती धरणाच्या दारांची चित्रं करायची. चित्र म्हणजे कागदावरचं नव्हे. पडद्यावर ते दार फिरवून सगळ्या बाजूंनी पाहता यायचं, उघडता-मिटता यायचं. ते फिरवायला लागलं की लॅपटॉपच्या पोटातला पंखा घोंगावायचा आणि गोधडीला हात लावला तर ती इस्त्री केल्यासारखी गरम लागायची.

ऑफिसला तिनं खरं सांगितलं नव्हतं. पाठ लचकलीय, पुण्यातल्या खोलीवरूनच काम करते, एवढंच कळवलं होतं. अकोला, टीबी, महिने, यातला एकही शब्द तिकडे गेला असता तर तिचं काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. त्या दारांवर तिनं दोन वर्षं घालवली होती. काही दिवसांनी ती धरणवाल्या साहेबांना कॅमेऱ्यासमोर दाखवायची होती. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर ऑफिसमधला एक मुलगा पुढचं दाखवायला टपून बसलेला होता. हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, औषधाच्या गोळ्या तोंडात टाकता टाकता.

मी ताट स्टुलावर ठेवलं आणि म्हटलं, "ओला नॅपकिन ठेवू का खाली?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, त्यात करंट असतो."

"पिळून घट्ट."

"आई."

मी विषय सोडला. पण दुसऱ्या दिवशी ती डोळे मिटून पडलेली असताना खरंच एक घट्ट पिळलेला नॅपकिन मी लॅपटॉपच्या खाली सारायला गेले. तिनं डोळे न उघडताच माझं मनगट धरलं. "मला जिवंत ठेवायचंय ना?" असं तिनं विचारलं. आवाजात हसू होतं की राग, मला कळलं नाही. इतक्या वर्षांत तिनं माझा हात धरला तो त्या दिवशी, एवढं मात्र कळलं.

मी ट्रंक ऑपरेटर होते. आता कुणाला ते समजावून सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवायचा, आणि आम्ही समोरच्या फळीवर दोऱ्या खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायचो. चारुताचे वडील ती पहिलीत असताना गेले. मला एक्सचेंजमध्ये नोकरी होती म्हणून आम्ही तगलो. पण रात्रपाळी चुकत नसे. किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली असायची. शाळेतून यायची, कुलूप काढायची, झाकलेलं जेवायची, ताट घासून पालथं घालायची आणि शेजारच्या तेलगोटेकाकूंकडे झोपायला जायची. मी सकाळी यायचे तेव्हा ती शाळेत गेलेली असायची. पालथं घातलेलं ताट दिसलं की मला बरं वाटायचं. पोर शहाणी आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे.

एक्सचेंजमध्ये पहिल्या दिवशी आमच्या सुपरवायझर बाईंनी शिकवलं होतं: लाइन जोडायची, दोन्हीकडून आवाज येतोय एवढं ऐकायचं आणि कान मिटायचे. लोक फोनवर मरणाच्या बातम्या सांगत, भांडत, रडत. ऑपरेटरनं ते ऐकलेलं नसतं. ऐकलं तरी ऐकलेलं नसतं. मी ते नोकरीभर पाळलं. पुढे यंत्रं आली, आमच्या फळ्या गेल्या, पण सवय राहिली. आणखी एक गोष्ट राहिली. लाइन मेली की कानात काहीच नसतं, कापूस कोंबल्यासारखं. पण पलीकडचं माणूस नुसतं गप्प असलं तर त्या गप्पपणात काहीतरी असतं. ते मला अजूनही लगेच ओळखता येतं.

त्या दिवसांत मी चारुताच्या दाराबाहेर बसून भाजी निवडत असे आणि आतलं ऐकत असे. बोटं पटपट वाजायची, मग तो घोंगावणारा पंखा, मग तिचा उसासा आणि शांतता. म्हणजे बंद पडला. एकदा तसं झालं आणि मी आत जाऊन गोधडी नीट पाहिली. लॅपटॉप पोटावर बसलेल्या म्हशीसारखा तीत रुतला होता. त्याच्या बुडाला जाळी होती आणि ती जाळीच गोधडीत बुडाली होती.

"याला श्वासच घेता येत नाहीये," मी म्हटलं.

"माहितीय गं. पण ठेवू कशावर? मांडीवर वजन चालत नाही."

मी माळ्यावरून पाट काढला. जेवायला बसायचा सागवानी पाट, पितळी फुल्यांचा, खाली दोन आडव्या पट्ट्या. तिचे वडील त्यावर बसून जेवायचे. ते गेल्यावर तो कधी खाली उतरला नव्हता. मग कपाटातून टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या काढल्या. एक्सचेंज बदललं तेव्हा रद्दीत जाणार होत्या, त्या मी घरी आणून ठेवल्या होत्या. तिच्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंना डिरेक्टऱ्या रचल्या, त्यांवर पाट आडवा टाकला आणि पाटावर लाकडाचे दोन लाटण्याएवढे तुकडे ठेवून वर लॅपटॉप ठेवला. तिच्या अंगावर काही नव्हतं. खालून हात घातला तर वारा लागत होता.

चारुतानं मान उचलून पाहिलं. "अख्खं अकोला घेतलंस की माझ्या दोन्ही बाजूंना."

"तेलगोटेकाकूसुद्धा आहेत त्यात. सत्तावीस नंबरच्या पानावर," मी म्हटलं.

ती हसली. पट्ट्यामुळे तिला हसताना कळ यायची, म्हणून तिनं ओठ दाबले.

त्यानंतर मला खोलीत जायला कारण मिळालं. दर थोड्या वेळानं जायचं, पाटाखाली हात घालून बघायचं, "हवा येते ना?" असं विचारायचं. ती "येते" म्हणायची. कधी कूलरचं तोंड थोडं वळवायचं, कारण ओला वारा थेट यंत्रावर नको असं ती सांगायची. कधी डिरेक्टरी सरकवायची. आमचं बोलणं बहुतेक एवढंच असे. पण मी रात्री पडल्यावर ते पुन्हा पुन्हा आठवायचे. मनात यायचं की ही बरी होईपर्यंत असंच चाललं, तर एखाद्या दिवशी हवेवरून दुसऱ्या कशावर जाऊ. किल्लीवर, पालथ्या ताटावर. मी घाई करणार नव्हते. मला वाटत होतं आपल्याकडे वेळ आहे.

दाखवायचा दिवस आला. तिनं मला सांगून ठेवलं होतं की खोलीत दुसरं कुणी असता कामा नये; धरणाचं काम, बाहेरच्या माणसानं पाहायचं नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. पलंगामागे तिनं मला कोरी चादर लावायला सांगितली, म्हणजे पुण्यातल्या खोलीची भिंत वाटेल. वरून चांगला कुडता घातला, पट्टा आत दडला. केस मी विंचरले. वेणी नको म्हणाली, नुसती क्लिप.

"आता तू बाहेर," ती म्हणाली. "आणि आई, कुकर लावू नकोस."

मी बाहेर येऊन दाराला टेकून बसले. ती इंग्रजीत बोलायला लागली. आवाज असा की मी ओळखला नसता. स्वच्छ, ठाम. आमच्या काळात असा आवाज एक्सचेंजमध्ये असता तर साहेबांनी वर बोलावून दिल्लीच्या लाइनवर बसवला असता.

थोडा वेळ गेला असेल. कूलर घरघरत थांबला.

वीज गेली. पाणी टपकायचं तेवढं राहिलं, मग तेही थांबलं. लॅपटॉपला बॅटरी होती आणि इंटरनेट तिच्या डोंगलवर चाललं होतं, त्यामुळे तिचं बोलणं थांबलं नाही. पण दार बंद, खिडकीत कूलर, वर पत्र्याचं छप्पर. आणि आतून लॅपटॉपचा तो पंखा घोंगावायला लागला. मला आवाजावरून कळायचं, किती वेळ उरलाय ते.

मी दार ढकललं. स्वयंपाकघरातून वाळ्याचा हातपंखा आणला होता, माठाच्या पाण्यात बुडवून, झटकून. रांगत आत गेले, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले आणि पाटाखालून वारा घालायला लागले. चारुताची नजर पडद्यावरच होती. तिनं फक्त गुडघा किंचित बाजूला घेतला, वाऱ्याला वाट दिली.

मी खालून पाहत होते. तिच्या चष्म्यात ते धरणाचं दार दिसत होतं. वर उचललं जायचं, मिटायचं. तिच्या हनुवटीवरून घाम गळत होता आणि आवाजात त्याचा मागमूस नव्हता. पंखा हात बदलून मी हलवत राहिले. लॅपटॉपचा आवाज वाढला नाही.

मध्येच कुणीतरी काही विचारलं. तिच्या कानात हेडफोन होता, मला एकच बाजू ऐकू येत होती. पण उरलेली अर्धी मला लावता येते. पंख्याची सावली दिसली असावी. ती हसून इंग्रजीत म्हणाली, नाही, खोलीत कुणी नाही. तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी पंखा आणखी खाली धरला. तिनं सांगितलंच होतं, तसा नियमच होता. मला काहीच वाटलं नाही.

मग ते साहेब गेले. तिचा चेहरा सैल पडला, म्हणजे काम झालं होतं. फक्त तिच्या ऑफिसातले काळसेकर सर मागे राहिले आणि ती मराठीत बोलायला लागली.

"थँक यू सर... हो, लाइट नाहीये इकडे... बरी आहे. डबा येतो."

मग थांबली. त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं.

"आई अकोल्याला असते, सर. तिला सांगितलंच नाही मी."

मी वारा घालत होते. बरोबरच होतं. पुण्यात असल्याचं सांगितल्यावर आणखी काय सांगणार. पण ती तिथं थांबली नाही. दमली होती, सुटल्यासारखं वाटत असेल. छताकडे पाहत बोलत राहिली.

"काळजी करेल म्हणून नाही, सर. ती येईल, बसेल. पण काय बोलायचं ते दोघींनाही कळणार नाही." मग हळू आवाजात, "नाही, भांडण कसलं. ती नाइटला असायची. लहानपणापासून माझं मीच केलंय. एकटीची सवय आहे."

माझा हात थांबला.

फार वेळ नाही. लॅपटॉपचा पंखा मोठ्यानं घोंगावला, तेव्हा मला कळलं की हात थांबलाय. मी पुन्हा हलवायला लागले. पण तिलाही कळलं होतं. वारा थांबला हे तिच्या पायांना लागलं असणार. तिनं सरांना घाईनं ठेवते म्हटलं, हेडफोन काढला आणि लॅपटॉप मिटला.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. कूलर नाही, यंत्र नाही. मी जमिनीवर होते, ती पलंगावर, मध्ये पाट.

"आई," ती म्हणाली. "तू ऐकलंस."

"काय?"

"मी सरांशी बोलले ते."

ती माझ्याकडे बघत होती. त्या दुपारी पहिल्यांदाच. डोळे असे की मी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. रागावले असते तरी चाललं असतं. आणि मी तेच म्हणाले जे जन्मभर साहेबांना, सुपरवायझर बाईंना, नंतर शेजारच्यांना म्हणत आले होते.

"दुसऱ्यांच्या लाइनवरचं मी ऐकत नाही."

तिनं चष्मा काढला.

"दुसऱ्यांच्या," ती म्हणाली.

"ताक देऊ का? घामानं भिजलीस."

"दे."

मी ताक करायला गेले. जिरेपूड सापडायला उगीच वेळ लावला. परत आले तेव्हा वीज आली होती, कूलर चालू झाला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

काम तिच्याकडेच राहिलं. पुढे पावसाळा गेला, पट्टा सुटला, ती भिंतीला धरून चालायला लागली. मी रोज पाटाखाली हात घालत होते, "हवा येते ना?" विचारत होते, ती "येते" म्हणत होती. दिवाळीआधी पुण्याला गेली. निघताना पाट स्वतः पुसून माळ्यावर ठेवते म्हणाली, मी तिला वर चढू दिलं नाही. नंतर ती परदेशात गेली, तिकडेही धरणांचंच काम करते. दर रविवारी फोन येतो. तब्येत, गोळ्या, हवामान. पुढे जाणं आम्हाला दोघींनाही जमलं नाही.

मागच्या रविवारची गोष्ट. माझे गुडघे आता गेलेत. शेवंता म्हणून एक बाई दुपारी येते, तेल लावते, थोडं बसते. पातूरकडची आहे, बोलायला फटकळ. ती पायाशी बसून गुडघा चोळत होती आणि चारुताचा फोन आला. नेहमीचं झालं. मग चारुतानं विचारलं, "आत्ता जवळ कोण आहे?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "एकटीच आहे. सवय आहे मला."

गुडघ्यावरचा हात थांबला.

क्षणभरच. मग पुन्हा फिरायला लागला, पहिल्यासारखाच. मी फोन ठेवला. शेवंतानं मान वर केली नव्हती.

"शेवंता, ऐकलंस का?"

"ऐकलं ना. मी का बहिरी आहो?" ती वाटीत बोटं बुडवत म्हणाली. "कोणी नाही म्हने. मंग हे तेल कोन लावून राहिलं, भूत?"

मी पाय आखडून घेतला. "राग आला?"

"आला ना बाप्पा. येनार नाही का?" तिनं दुसरा गुडघा पुढे ओढला. "आता सांगून टाकलं तुमाले, झालं. पाय सरळ करा."

ती गेल्यावर मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते. रविवार संपला नव्हता. मी चारुताचा नंबर लावला. आपणहून मी कधी लावत नाही, तिच्या कामाच्या वेळा मला कळत नाहीत. पलीकडे घंटा वाजत राहिली.

"आई? काय झालं?" ती घाबरली होती. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. चारू, वीज गेली होती ना, ती दुपार. मी पंख्यानं वारा घालत होते."

"हं."

"मी ऐकलं होतं. सगळं."

ती काही बोलली नाही. मी फोन कानाशी घट्ट धरला, एक्सचेंजच्या फळीसमोर बसायचे तशी पाठ ताठ करून. एक मिनिट गेलं असेल, जास्तही असेल. कापूस कोंबल्यासारखं काही नव्हतं. लाइन जिवंत होती. मी थांबून राहिले.